हिसका मारायचा, पण कुणाला? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, बार्कली धरणाखाली चंदेरा मासा (इथे त्याला सिल्व्हर कार्प म्हणतात) आमिषाशिवाय, नुसता हिसका मारून कसा काढतात यावर चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढे प्रश्न आलेत की यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत, अळूच्या बियाण्याबद्दल विचारलेल्या काकूंनी कृपया रागावू नये, पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न : काका, दोन शनिवार धरणाखाली बसलो. गांडूळ लावलं, मक्याचे दाणे लावले, शेवटी हिंग घालून कणकेच्या गोळ्या केल्या. काहीच नाही. शेजारचा माणूस काहीही न लावता तासाभरात बर्फाचा डबा भरून गेला. माझं काय चुकतंय? (लुईव्हिलहून एक वाचक)

हिंगाच्या कणकेचं वाचून एकदम कराडच्या संगमावरचे दिवस आठवले, आम्ही पण हेच करायचो. पण बाबा रे, चंदेऱ्याला तुझी कणीक खायचीच नाहीये. हा मासा आमिषाला तोंड लावतच नाही म्हटलं तरी चालेल. तो पाणी गाळून खातो. तोंड उघडं ठेवून पोहत राहायचं, कल्ल्यांच्या आत स्पंजासारखी बारीक जाळी असते त्यात पाण्यातलं शेवाळ आणि डोळ्याला न दिसणारे जीव अडकतात, तेच त्याचं जेवण. चहाच्या गाळणीसमोर पोळीचा तुकडा धरून बसल्यासारखं झालं तुझं. त्याचा भाऊ बिगहेड, मोठ्या डोक्याचा, दिसायला बराचसा आपल्या कटल्यासारखा, तोही गाळूनच खातो, फक्त त्याची जाळी जरा जाड.

म्हणून मग हिसका, म्हणजे रिकामा गळ झटक्याने ओढत राहायचा, माशाच्या अंगात कुठेतरी अडकेपर्यंत. धरणाखालीच का, तर मासा वर चढत येतो आणि भिंतीला अडतो. आपल्याकडे मृगाच्या पावसात वलगण चढते ना, ओढ्याला पाणी आलं की मासे उलटे वर निघतात, तसंच, फक्त इथे उन्हाळा लागताना पाणी कोमट होऊन नदी फुगायला लागली की जोर धरतात. शिवाय टर्बाइनमधून येणाऱ्या पाण्याबरोबर खाणंही येतं, प्राणवायूही भरपूर. त्यामुळे भिंतीखाली थव्याने उभे असतात. गंमत बघ, गावी गेलो की वलगणीचे गाभोळीवाले मासे मारू नका म्हणून मी पोरांना ओरडतो, आणि इथे पोटात लाखो अंडी असलेली मादी निघाली की खूश होतो, कारण चंदेरा इथे परका आणि उपद्रवी.

आता सामान. दांडी जाड आणि लांब, दहा-बारा फूट, समुद्राकाठी वापरतात तसली. रीळ मजबूत. साधा तंगूस (नायलॉनचा दोरा) ताणतो त्यामुळे हिसका पोचतच नाही, विणलेली लाईन घे, पन्नास पाउंडाच्या पुढची. लाईनच्या टोकाला शिसं, तीन-चार औंसांचं, पाण्याचा जोर असेल तर जास्त, आणि त्याच्या वर दीड-दोन फुटांवर तीन आकड्यांचा मोठा गळ. शिसं खाली आणि गळ वर, हे लक्षात ठेव, उलटं बांधलंस तर दर दोन फेकींना एक गळ दगडात गेलाच समज. प्रवाहाला आडवं फेकायचं, शिसं खाली बसू द्यायचं, ढील गोळा करायची, मग दांडी आकाशात नाही तर बाजूला, कमरेतून वळून, जमिनीला समांतर ओढायची. परत ढील गोळा, परत ओढ. शंभर वेळा. दुसऱ्या दिवशी खांदा वर होत नाही, घरच्यांना आधीच सांगून ठेव.

लागला की घाई नको. तोंडात गळ लागलेला मासा डोक्याकडून ओढता येतो, हा मात्र पाठीत नाहीतर शेपटीपाशी लागलेला असतो, म्हणजे तो पूर्ण ताकदीने पोहू शकतो आणि तू त्याला आडवा ओढतोयस, त्यामुळे चार-पाच किलोचा मासासुद्धा पंधराचा वाटतो. पहिला लागला तेव्हा मी शपथेवर सांगत होतो की मगरच आहे म्हणून.

आणि चष्मा. काळा, साधा, कसलाही, पण डोळ्यावर चष्मा पाहिजेच. मासा सुटला किंवा दगडातून गळ एकदम निघाला की शिसं गोळीसारखं उलटं येतं. माझ्या भुवईला तीन टाके आहेत, त्या दिवशी चष्मा गाडीत होता, आणि बायको अजून तो किस्सा प्रत्येक पार्टीत सांगते.

प्रश्न : आमचे हे दर रविवारी हे करायला जातात. हे कायद्यात बसतं का? अंगात गळ घुसवून मासा ओढायचा हे मला तर बघवत नाही. (नॅशव्हिलहून एक ताई)

ताई, दोन प्रश्न आहेत तुमचे. पहिल्याचं उत्तर, बसतं पण सगळीकडे नाही आणि सगळ्या माशांना नाही. इथे मासे दोन गटांत धरतात, बास वगैरे खेळाचे मासे एकीकडे आणि कार्पसारखे बाकीचे दुसरीकडे. हिसक्याने पकडायची परवानगी असते ती साधारण दुसऱ्या गटाला, आणि ती पण अमुक नदीत, अमुक महिन्यांत, धरणाच्या भिंतीपासून अमुक अंतर सोडून. प्रत्येक राज्याचं वेगळं, धरणागणिक वेगळं, दरवर्षी बदलतं. राज्याची नियमांची पुस्तिका फुकट मिळते, ह्यांना ती रविवारी सकाळी चहाबरोबर वाचायला द्या. लायसन्स तर लागतंच, केंटकीत सोळाव्या वर्षापासून. शेजारचा करतोय म्हणून मी पण केलं हे कारण वॉर्डनसमोर (मासेमारीचे नियम बघणारा अधिकारी) चालत नाही, त्याच्या हातात पावतीपुस्तक असतं.

दुसऱ्याचं सांगतो. बघवत नाही म्हणता ते खरंय, बघण्यासारखं नसतंच. माझं म्हणणं इतकंच की काढलेला मासा लगेच डोक्यात एक ठोका मारून शांत करावा, कल्ला कापून रक्त काढावं आणि बर्फात घालावा. जे लोक काढतात आणि काठावर उन्हात तडफडत टाकून पुढची फेक मारतात त्यांच्याशी माझं भांडण आहे, परकी जात आहे म्हणून काहीही चालतं असं त्यांना वाटतं. दुपारपर्यंत तिथे जो वास सुटतो तो विचारू नका.

प्रश्न : माझ्या गळाला एक विचित्र मासा लागला, नाक वल्ह्यासारखं लांब, अंगावर खवले नाहीत. सगळे ओरडले सोड सोड. काय होता तो? (मिझुरीतून एक वाचक)

पॅडलफिश. बरं झालं ओरडले. हा इथला मूळचा, या नद्यांचा खरा मालक म्हणा, डायनोसॉरच्या काळापासूनचं घराणं. तोही पाणी गाळूनच खातो, म्हणून आमिषाला येत नाही, आणि म्हणूनच हिसक्याची ही पद्धत मुळात त्याच्यासाठी निघाली, चंदेरा नंतर आला. तुमच्या मिझुरीत बहुतेक ठिकाणी त्याचा हंगाम १५ मार्च ते ३० एप्रिल, लांबीची अट, रोजची मर्यादा, सगळं ठरलेलं आहे. लांबी मोजायची तर डोळ्यापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत, नाक धरायचं नाही. सोडायचा असेल तर हात ओले करा, कल्ल्यात बोटं घालू नका, नाकाला धरून उचलू तर अजिबात नका, आणि फोटोच्या नादात वेळ घालवू नका.

चंदेरा ओळखायला सोपा. डोळा बघा. डोळा तोंडाच्या रेषेच्या खाली असतो, मासा उलटा जोडल्यासारखा वाटतो. मिशा नाहीत. खवले अगदी बारीक. मग पोटावरून बोट फिरवा, गळ्यापासून मागे गुदद्वारापर्यंत होडीच्या तळासारखी धार लागली तर चंदेरा, आणि ती धार पोटाच्या मध्यावरच्या परांपासून मागेच असेल तर बिगहेड. मोठे जाड खवले आणि पाठीवर लांबच लांब पर असेल तर थांबा, तो बहुतेक बफेलो, इथलाच. त्यातला मोठ्या तोंडाचा बफेलो शंभर वर्षांहून जास्त जगतो असं सिद्ध झालंय, म्हणजे तुमच्या आजोबांच्या आधी जन्मलेला मासा तुमच्या गळाला असू शकतो. पॅडलफिश आणि बफेलो, दोघांच्याही तोंडचा घास चंदेरा पळवतो, इलिनॉय नदीतले बफेलो यांच्यामुळे अंगाने रोडावलेत. म्हणून हिसका मारण्याआधी नाही तरी निदान मारल्यावर आपण कुणाला ओढलंय ते बघा.

प्रश्न : आम्ही शेततळ्यात कटला, रोहू, मृगळबरोबर चंदेरा आणि गवत्या (ग्रास कार्प) सोडतो, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) तर सरकारी केंद्रातूनही मिळायची. तोच मासा तिकडे शत्रू कसा? (इंदापूरहून एक शेतकरी वाचक)

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. मासा तोच आहे हो दादा, फरक पाण्याचा आहे.

गवत्या अमेरिकेत १९६३ ला आणला, तळ्यातलं गवत खाईल म्हणून. चंदेरा आणि बिगहेड १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अर्कान्सा राज्यात आले. मासे पाळायच्या तळ्यांत आणि सांडपाण्याच्या हौदांत शेवाळ माजतं, ते औषध टाकून मारण्यापेक्षा माशाकडून खाऊन घ्यावं अशी कल्पना, आणि कल्पना वाईट नव्हती, तुम्ही पण तेच करताय. सरकारी केंद्रं, विद्यापीठं, खासगी तळेवाले सगळेच त्यात होते. मग पूर आले, बांध ओलांडून मासे ओढ्यात, ओढ्यातून मिसिसिपीत. आणि मिसिसिपी म्हणजे चंदेऱ्याला चीनमधली यांगत्से नदी सोडून आल्याचं दुःखच राहिलं नाही. याची अंडी वाहत्या पाण्यात तरंगत तरंगत फुटावी लागतात, तळाला बसली की मेली. तुमच्या शेततळ्यात साचलेलं पाणी, तिथे तो अंडी घालूच शकत नाही, म्हणून तर हॅचरीत इंजेक्शन देऊन बीज काढतात आणि तुम्हाला दरवेळी बोटुकली विकत आणावी लागते. इथे शेकडो मैल वाहती नदी, पोटभर शेवाळ, आणि लहानपणचा काळ सोडला तर खाणारा कुणी नाही.

पण आपल्याकडे असं होतच नाही असं समजू नका. चंदेरा भारतात १९५९ ला आणला. १९७१ मध्ये पुराच्या पाण्याबरोबर एका मत्स्यकेंद्रातून तो भाक्रा धरणाच्या गोविंदसागरात गेला आणि तिथल्या थंड पाण्यात असा रुजला की काही वर्षांत जाळ्यात चंदेराच जास्त आणि कटला कमी. आणि लांब कशाला जायचं, उजनीच्या काठावर राहता तुम्ही, चिलापी (टिलापिया) कुठून आली आणि तिने काय केलं ते तुम्हीच मला सांगाल. एकच विनंती, तळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी मारा आणि तळं आटवताना उरलेली पिल्लं ओढ्यात सोडू नका.

प्रश्न : मासा आणला, पण काटे इतके की मुलांनी ताट सरकवलं. काय करू? (शिकागोजवळून)

काट्यांचं दुखणं खरं आहे. कण्याच्या काट्याशिवाय मांसात वाय आकाराचे सुटे काटे पेरलेले असतात, शंभराच्या आसपास. पण पाला (काटेरी हिल्सा मासा) खाणाऱ्या घरातल्या माणसाने काट्यांना घाबरावं म्हणजे काय! चव बघाल तर मांस पांढरं, सौम्य, चिखलाचा वास नाही कारण हा तळातलं उकरून खाणारा मासाच नाही. इथले लोक कार्प म्हटलं की नाक मुरडतात, म्हणून इलिनॉय राज्याने २०२२ मध्ये याचं बारसंच नव्याने केलं, कोपी म्हणून. दुकानात त्या नावाने खिमा मिळतो.

मी असं करतो. साल काढून दोन्ही बाजूंचे लांब तुकडे सोडवायचे. मधोमध तांबूस काळपट पट्टी दिसते ती सगळी खरवडून टाकायची, वास येतो तो तिचाच. मग सुरी अगदी धारदार करून तुकड्याला आडव्या चिरा द्यायच्या, दोन चिरांत एका तांदळाच्या दाण्याच्या रुंदीएवढं अंतर, खोल पण आरपार नाही, सुरी खाली जाताना बारीक करकर आवाज येतो, तो काटा तुटल्याचा. तो आवाज आला नाही तर चीर उथळ पडली. मग मीठ, हळद, लिंबू, आलं-लसूण, तिखट, अर्धा तास. तांदळाचं पीठ आणि रव्यात घोळवून कडकडीत तेलात. शॅलो फ्राय नको, बुडवून तळा, बारीक झालेले काटे कुरकुरीत होऊन जातात. माझी मुलगी काटा हा शब्द न काढता खाते.

ते जमलं नाही तर कुकर. तुकडे मीठ-हळद लावून शिजवायचे, गार झाले की बोटांनी मांस सोडवत काटे वेचायचे, टीव्ही बघत बघत होतं, मग बटाटा, कोथिंबीर, मिरची घालून कटलेट. डोकं फेकू नका. बिगहेडचं डोकं मिळालं तर भाजलेलं खोबरं, कांदा आणि काळा मसाला लावून कालवण करा, आमच्याकडे त्यावरून भांडणं होतात. आणि हो, कुठल्या नदीतला मासा आठवड्याला किती खावा याची सूचना राज्याचं आरोग्य खातं काढतं, ती बघून घ्या, चंदेरा अन्नसाखळीच्या खालच्या पायरीवरचं खाणारा असल्याने त्यात पारा कमी असतो, पण नदी नदीत फरक आहे.

प्रश्न : मुलाने एक पिल्लू बादलीत जिवंत घरी आणलंय, मागच्या तळ्यात सोडायचं म्हणतो. (नाव नको)

नका सोडू, आणि जिवंत घेऊन गाडीने राज्याची हद्द तर मुळीच ओलांडू नका. चंदेरा २००७ पासून आणि बिगहेड २०१० पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या घातक प्राण्यांच्या यादीत आहे, आणि बऱ्याच राज्यांच्या कायद्याने जिवंत वाहतूक गुन्हा आहे. पिल्लाचं काय करायचं ते मुलाला समोर बसवून समजावून सांगा, अवघड आहे, मला माहितीये. त्याला गप्पी पाळून द्या.

प्रश्न : पण हिसके मारून हे मासे संपणार आहेत का? (पुण्याहून)

नाही. एका मादीच्या पोटात लाखांनी अंडी, आणि आपण रविवारी चार माणसं. संख्या खाली आणायची तर जाळीवाले लागतात, इलिनॉय राज्य २०१० पासून कंत्राट देऊन मासेमारांकडून टनावारी काढून घेतंय. मिशिगन सरोवराकडे जाऊ नयेत म्हणून शिकागोजवळच्या कालव्यात विजेचा अडसर आहे. आमच्या बार्कलीच्या बोटींच्या दारात, म्हणजे लॉकमध्ये, २०१९ ला बुडबुड्यांची भिंत बसवली, त्यात आवाज आणि झगमगते दिवे सोडले, मासे बिचकून वर बार्कली सरोवरात जाऊ नयेत म्हणून प्रयोग. हे सगळं का, तर धरणाची भिंत मासा चढू शकत नाही पण बोटीसाठी दार उघडलं की बोटीबरोबर तो पण आत. आपलं हिसक्याचं काम म्हणजे घरचं कालवण, व्यायाम, आणि नदीकाठी थोडी ओळखपाळख. त्याला मोहीम वगैरे म्हणू नये असं मला वाटतं.

एक मात्र न विचारलेलं सांगतो. पाणी सोडण्याआधी धरणाचा भोंगा वाजला की सामान टाकून वर या. गळ राहू द्या, डबा राहू द्या. टर्बाइन किती सुरू होणार ते आधी फोनवर बघता येतं, तरी पाणी चढतं ते आपल्या अंदाजापेक्षा लवकर चढतं, आणि भिंतीखालचं पाणी वरून शांत दिसलं तरी आतून गोल फिरत असतं, पट्टीचा पोहणारा पण त्यातून निघत नाही. लाइफ जॅकेट काठावर उभं असतानाही घाला. कोयनेचे दरवाजे उघडले की पुलावरून बघायला जाणारे आपण, पाण्याची भीती आपल्याला वेगळी सांगायला नको, पण इथे आलं की का कोण जाणे ती गळून पडते.

प्रश्न : सासूबाई भारतातून आल्यात, त्यांना बोटीतून उडणारे मासे बघायचेत. नेऊ का? (पिओरिआहून)

न्या, पण बोट हळू. मोटरच्या आवाजाने चंदेरा बिथरतो आणि पाण्याबाहेर दहा-दहा फूट उडतो, एक नाही, पन्नास एकदम. तुमच्यापासून जवळच बाथ नावाचं गाव आहे, तिथे २००५ पासून उडणारे मासे हवेतच जाळीत झेलायची स्पर्धा भरायला लागली, लोक चक्क हेल्मेट घालून उतरतात. लोकांची नाकं, जबडे मोडलेत, पाच किलोचा मासा तोंडावर आला तर काय होईल विचार करा. सासूबाईंना मधोमध, खाली बसवा, पुढच्या टोकाला नको. डोक्यावर मुलाचं सायकलचं हेल्मेट द्या. आणि नवी साडी नेसवू नका, चिकट बुळबुळ असते ती धुतली तरी जात नाही. आमच्या आत्या गेल्या होत्या, मासा सरळ पदरात पडला, त्यांनी तो तसाच गुंडाळून धरला आणि काठावर येईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.